तळाशी उरलेल्या दीडशे मिलीचं काय करायचं?

प्रश्न: व्हिस्की आणि रमच्या बाटल्या जमवण्याचा छंद आम्हा नवरा-बायकोला पंधरा वर्षांपासून आहे. कपाटात आज 34 उघडलेल्या बाटल्या आहेत, 21 व्हिस्कीच्या आणि 13 रमच्या. नवीन आणणं थांबवलंय, आहेत त्या नीट संपवायचं ठरवलंय. आमचं घेणं बेताचं: आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी 30 मिलीचा एक पेग. बऱ्याच बाटल्यांत पाव भागापेक्षाही कमी उरलंय. खास दिवसासाठी राखलेली एक जुनी सिंगल माल्ट सहा वर्षांपूर्वी उघडली होती, तीत दीडशे मिली असेल. परवा वास घेतला तर पहिल्यासारखी वाटली नाही. एका धुरकट व्हिस्कीचं बूच मोडून आत पडलंय. बाटली अजून दोन तृतीयांश भरलेली आहे. एका गोड रमचं झाकण फिरतच नाही. एक मित्र म्हणतो, सगळं एका मोठ्या बाटलीत ओता आणि मोकळे व्हा. तसं करावं का? आणि आधी कोणती बाटली घ्यावी?

उत्तर: ती राखून ठेवलेली माल्ट आधी घ्या, याच आठवड्यात. तुमच्या पत्रातली सर्वांत घाईची बाटली तीच आहे. खास दिवसाची वाट पाहत तिचा वास दर महिन्याला थोडा थोडा उतरतो आहे, आणि उतरलेला वास परत येत नाही.

700 मिलीच्या बाटलीत 150 मिली उरतं तेव्हा वरच्या साडेपाचशे मिलीच्या जागेत हवा असते. दोन गोष्टी एकदम घडतात. हलके, पटकन उडणारे वास, म्हणजे फळांचे, फुलांचे, लिंबाच्या सालीचे, द्रवातून निघून त्या रिकाम्या जागेत जमतात आणि दर वेळी बूच काढलं की बाहेर पडतात. दुसरीकडे हवेतला प्राणवायू उरलेल्या द्रवावर सावकाश काम करतो. मग लाकडाचा तुरटपणा पुढे येतो, गोडवा बोथट होतो, आणि फार उतरलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. हे सडणं नव्हे. 40 टक्के अल्कोहोलमध्ये जंतू वाढत नाहीत, त्यामुळे अशी बाटली पिण्याला धोक्याची होत नाही, फक्त बेचव होते. उघडल्यावर होणारा प्रत्येक बदल वाईटच असतो असंही नाही. 55-60 टक्क्यांच्या, पिंपातून थेट भरलेल्या व्हिस्क्या पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याचदा मवाळ होतात आणि जास्त खुलतात. पण तळाशी दीडशे मिली आणि सहा वर्षं, तिथे आता खुलण्यासारखं काही नाही.

म्हणून आमचा पहिला सल्ला: बाटल्यांचा क्रम किमतीवर किंवा आवडीवर लावू नका, आत किती हवा आहे त्यावर लावा. कपाटातल्या सगळ्या बाटल्या टेबलावर काढा आणि उजेडासमोर धरून तीन गट पाडा: अर्ध्याहून जास्त भरलेल्या, अर्धी ते पाव, आणि पावापेक्षा कमी. शेवटच्या गटात आधी 40 ते 43 टक्क्यांच्या नाजूक, फळांच्या किंवा फुलांच्या वासाच्या व्हिस्क्या घ्या. त्यांच्यामागून धुरकट, कारण धुराची धार उघड्या बाटलीत लक्षात येण्याइतकी बोथट होते. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरवलेल्या दाट व्हिस्क्या आणि जास्त टक्क्यांच्या बाटल्या थोडा धीर धरतात. रममध्ये उसाच्या ताज्या रसापासून केलेली, गवताचा वास असलेली, मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरची अॅग्रिकोल रम आधी संपवा. जमैकाची तीव्र, पिकून गेलेल्या केळ्यासारख्या वासाची रम बराच काळ दमदार राहते. त्या वासामागची एस्टर नावाची संयुगं तिच्यात इतकी ठासून असतात, की थोडी उडाली तरी फरक पटकन कळत नाही.

आता थोडा हिशोब. एका बाटलीत सरासरी 250 मिली धरलं तर 34 बाटल्यांत साडेआठ लिटर होतात. तुमचा आठवड्याचा खप 120 मिली. म्हणजे सुमारे 71 आठवडे, जवळजवळ सोळा महिने. हा वेग ठीक आहे, तो वाढवू नका. संपवण्याच्या नादात आठवड्यातल्या दोन संध्याकाळींच्या चार झाल्या तर छंदाचं ओझं शरीरावर पडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच म्हटलं आहे, की अल्कोहोलचं पूर्ण निर्धोक असं प्रमाण सांगता येत नाही. पेग मापानेच ओता. 40 टक्क्यांच्या 30 मिलीत 12 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 63 टक्क्यांच्या रमच्या तेवढ्याच पेगात जवळजवळ 19 मिली. त्या रमचा पेग 20 मिलीचा धरा, हिशोब तोच राहील.

खप वाढवायचा नाही, तर मग या सोळा महिन्यांत बाकीच्या बाटल्या टिकवायच्या कशा? त्यांतली हवा काढून. यासाठी लहान काचेच्या बाटल्यांसारखा दुसरा उपाय नाही. 50, 100 आणि 200 मिलीच्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत. लक्ष द्यायचं ते झाकणाच्या आतल्या अस्तराकडे. शंकूच्या आकाराचं पॉलिथिनचं अस्तर असलेली झाकणं सर्वांत घट्ट बसतात. तो शंकू बाटलीच्या तोंडात शिरून दाबला जातो. पुठ्ठ्याचं किंवा कागदाचं अस्तर अल्कोहोलच्या वाफेने मऊ पडतं आणि त्याचा वास द्रवात उतरतो. बाटल्या गरम पाण्याने धुवा, साबण वापरलात तर वास पूर्ण जाईपर्यंत विसळा, आणि उलट्या ठेवून एक अख्खा दिवस वाळवा. आत राहिलेला पाण्याचा थेंब फार बिघडवत नाही, साबणाचा वास मात्र हमखास बिघडवतो.

ओतताना लहान काचेचं नरसाळं वापरा. द्रव झाकणाखाली साधारण एक सेंटिमीटर राहील इतका भरा; अगदी काठोकाठ नको, कारण उकाड्यात अल्कोहोल फुगतं आणि झाकणातून पाझरतं. नेमकं किती भरलं हे वजनकाट्यावर सहज कळतं: रिकामी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. 40 टक्क्यांच्या 100 मिलीचं वजन साधारण 95 ग्रॅम भरतं, 60 टक्क्यांच्या 100 मिलीचं 91 ग्रॅम. लेबलवर नाव, टक्के, मूळ बाटली कधी उघडली आणि लहान बाटलीत कधी भरली, इतकं लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. अल्कोहोलचा एक ओघळ आला तर उघडी शाई धुऊन जाते, आणि मग एकसारख्या तपकिरी सात बाटल्या समोर घेऊन वासावरून नाव ओळखत बसावं लागतं.

अर्ध्याखाली गेलेली प्रत्येक बाटली अशी उतरवून घ्या. एवढं एक काम झालं की घाईचा भाग संपला. अर्ध्याहून जास्त भरलेल्या बाटल्या तशाच ठेवल्या तरी चालतात: उभ्या, बंद कपाटात, उन्हापासून आणि चुलीच्या धगीपासून लांब. आडव्या ठेवू नका. वाइनचं बूच ओलं ठेवायला बाटली आडवी ठेवतात, पण इथलं जास्त अल्कोहोल बुचालाच खाऊन टाकतं. वाइनसाठी मिळणारा हवा ओढणारा पंप इथे बिलकूल वापरू नका. हवेबरोबर तो ज्या वासांसाठी ही सगळी धडपड आहे तेच ओढून घेतो. आरगॉन वायूचा फवारा चालतो, कारण तो हवेपेक्षा जड असतो आणि द्रवावर थर धरून राहतो. एक-दोन सेकंद मारा आणि लगेच बूच लावा. पण दर वेळी उघडल्यावर तो पुन्हा मारावा लागतो, आणि हे तिसऱ्या खेपेला विसरलं जातंच.

स्फटिकासारख्या जड, नक्षीदार काचेच्या सुरईत साठवण करू नका. अशा जुन्या काचेत शिसं असतं आणि ते आठवडे-महिन्यांत दारूत उतरतं. एखाद्या संध्याकाळपुरती ओतायला तिची हरकत नाही.

आता मोडलेलं बूच. आत पडलेल्या तुकड्याने व्हिस्की खराब होत नाही, पण फार दिवस राहिला तर बुरशट, लाकडी चव येते. स्वच्छ, कोरडं भांडं घ्या, त्यावर नरसाळं, नरसाळ्यात न रंगवलेला कॉफीचा कागदी फिल्टर. कागदाचा वास जावा म्हणून फिल्टर आधी साध्या पाण्याने भिजवून निथळू द्या. बाटली हळूहळू तिरकी करा, म्हणजे मोठा तुकडा मानेत अडकून धार तुटणार नाही. अडकलाच तर बांबूच्या काडीने मागे ढकला. कागदातून गाळणं सावकाश होतं आणि तेवढ्या वेळात वास उडतो, म्हणून वर एक बशी झाकून ठेवा. पोटात राहिलेला बुचाचा भुगा बाटली दोन-तीनदा पाण्याने खळखळून काढा, बाटली वाळवा, मग व्हिस्की परत भरा. नवं बूच मिळेपर्यंत ती स्क्रूच्या झाकणाच्या, तेवढ्या व्हिस्कीने जवळजवळ काठापर्यंत भरेल अशा दुसऱ्या बाटलीत ठेवली तर उत्तम. इथून पुढे संपलेल्या प्रत्येक बाटलीचं बूच जपून ठेवा. आतला व्यास अर्ध्या-एक मिलिमीटरने वेगवेगळा असतो, त्यामुळे चार-सहा बुचं जवळ असली तर एखादं नेमकं बसतंच. आणि पुढच्या खेपेला फार जुनं, न उघडलेलं बूच काढायचं असेल तर तासभर आधी बाटली आडवी ठेवून ते ओलं होऊ द्या. कोरडं बूच पिळलं की मधोमध तुटतं.

गोड रमचं झाकण फिरत नाही, कारण आट्यांत साखर सुकून दगडासारखी झाली आहे. जोर लावू नका. आटा सरकतो आणि मग झाकण कधीच घट्ट बसत नाही. एक फडकं कढत पाण्यात बुडवून पिळा आणि झाकणाभोवती दोन-तीन मिनिटं गुंडाळून धरा. साखर विरघळते आणि झाकण हलक्या हाताने फिरतं. उघडल्यावर बाटलीची मान आणि झाकणाची आतली बाजू दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पुढच्या महिन्यात तेच. दर वेळी ओतून झाल्यावर तोंडावरचा थेंब पुसायची सवय लावली की हा प्रश्न येतच नाही.

मित्राचा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेलं एकत्र करून मुरवत ठेवायची पद्धत चांगली आहे, जाणकार ती आवडीने पाळतात. पण सगळं एकाच बाटलीत ओतलंत तर धूर सगळ्यांना गिळेल. 700 मिली मवाळ व्हिस्कीत वीसेक मिली कडक धुरकट व्हिस्की पडली तरी तिचाच वास पुढे येतो. वेगळ्या बाटल्या करा: बिनधुराच्या व्हिस्क्यांची एक, धुरकटांची एक, कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या रमची एक. गोड रम यांच्यात मिसळू नका. युरोपीय संघात नियम असा आहे की रम म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूत लिटरला 20 ग्रॅमपर्यंतच गोडी चालते, पण त्याआधीच्या आणि इतर ठिकाणच्या बाटल्यांत ती बरीच जास्त असू शकते, आणि एकदा ती पडली की सगळी बाटली सरबती होते.

ओतण्याआधी 30 मिलीचा नमुना करा. ड्रॉपरने त्याच प्रमाणात थोडं थोडं घ्या, झाकून दहा मिनिटं ठेवा, वास घ्या, चाखा. पटलं तरच मोठं मिश्रण. टक्क्यांचा हिशोब सोपा आहे: 46 टक्क्यांची 200 मिली, 40 टक्क्यांची 150 आणि 58 टक्क्यांची 100 एकत्र केली तर शुद्ध अल्कोहोल 92 अधिक 60 अधिक 58, म्हणजे 450 मिलीत 210, जवळजवळ 46.7 टक्के. मिश्रण लगेच पिऊ नका. पहिले काही दिवस ते विस्कळीत लागतं, दोन आठवड्यांनी एकजीव होतं. आणि हे विशेष जपा: वास मेलेली बाटली मिश्रणात खपवायला जाऊ नका. चांगली व्हिस्की वाईटाला उचलत नाही, वाईट मात्र चांगलीला खाली ओढते. मिश्रण थंडीत गढूळ झालं तर घाबरू नका. 46 टक्क्यांखालच्या, थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीत काही तेलकट एस्टर गारव्याने वेगळे दिसू लागतात. बाटली खोलीच्या तापमानाला आली की पुन्हा स्वच्छ होते.

बोथट झालेल्या पण वाईट वास नसलेल्या बाटल्या कॉकटेलमध्ये छान संपतात. नुसतीच फिकी पडलेली असेल तर हायबॉल: बर्फाने काठोकाठ भरलेला उंच ग्लास, 45 मिली व्हिस्की, तिच्या तिप्पट फ्रिजमधला गार सोडा, कडेने ओतायचा आणि चमचा तळापासून एकदाच वर आणायचा. सोड्याचे बुडबुडे उरलासुरला वास वर आणतात. लाकडाचा तुरटपणा पुढे आला असेल तर तो लिंबाने झाकतो: 60 मिली व्हिस्की, 22 मिली लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा पाक, भरपूर बर्फात दहा-बारा सेकंद जोरात हलवून गाळायचं. यात 60 मिली लागते, तेव्हा दोघांत एकच करा. धुरकट बाटलीच्या तळासाठी न्यू यॉर्कमध्ये बारटेंडर सॅम रॉस यांनी 2005 मध्ये बसवलेलं पेनिसिलिन नावाचं कॉकटेल फार कामाचं: मवाळ व्हिस्की 60 मिली, लिंबू 22, मध-आल्याचा पाक 22, आणि हलवून गाळल्यावर चमच्याच्या पाठीवरून सात मिली धुरकट व्हिस्की वर तरंगती सोडायची. तेवढ्याशा थराने पहिला घोट धुराचा लागतो.

रमसाठी डायकिरी: 60 मिली रम, 25 मिली लिंबू, 20 मिली पाक, गोड रम असेल तर पाक निम्मा. आणि दोन-तीन रमचे तळ एकत्र घेऊन माय ताय करा. 1944 मध्ये कॅलिफोर्नियातले रेस्टॉरंटवाले ट्रेडर व्हिक यांनी तो जमैकाच्या 17 वर्षं मुरवलेल्या एकाच रमवर बांधला होता. तिचा साठा संपला, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या रम जुळवून तीच चव गाठायचा मार्ग काढला. तुम्हीही एक दमदार जमैकन आणि एक हलकी रम समसमान घ्या.

कॉकटेललाही न शोभणारी रम व्हॅनिलाचा अर्क करायला वापरा. 200 मिली रमला 20 ग्रॅम व्हॅनिलाच्या शेंगा, उभ्या चिरून, पूर्ण बुडतील अशा. शेंगेचं टोक बाहेर राहिलं तर तिथे बुरशी धरू शकते. अंधाऱ्या जागी तीन महिने, आठवड्याला एकदा हलवायचं. रम किमान 35 टक्क्यांची हवी. शिजवण्यात वापरलीत तर एक लक्षात ठेवा: अल्कोहोल लगेच उडून जातं हा गैरसमज आहे. पंधरा मिनिटं रटरटल्यावरही साधारण 40 टक्के शिल्लक असतं, तासाभराने 25, अडीच तासांनी 5. लहान मुलं किंवा न घेणारे पाहुणे असतील तर ते पदार्थ वेगळे ठेवा. आणि पेटत्या आचेवर थेट बाटलीतून कधी ओतू नका. 40 टक्क्यांच्या दारूची वाफही साधारण 26 अंशांना पेट घेऊ शकते. माप वाटीत काढा, बाटली बाजूला ठेवा, मग ओता.

ज्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, किंवा जी तुम्हाला कधी आवडलीच नाही, ती ओतून द्या किंवा आवड असलेल्या मित्राला द्या. नावडती व्हिस्की आग्रहाने संपवू नका. तेवढे पेग आवडत्या बाटलीतून कमी होतात. सायीच्या लिकरच्या बाटल्या असतील तर त्यांचा हिशोब वेगळा, त्या खरंच नासतात. छापलेली तारीख उलटली असेल किंवा ओतताना गुठळ्या पडत असतील, तर चाखूनही पाहू नका.

राहिली ती जुनी माल्ट. आज संध्याकाळी 15 मिली तोंडाकडे निमुळत्या ग्लासात घ्या, दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग वास घ्या. नंतर दोन-तीन थेंब पाणी घालून पुन्हा. पाण्याने काही फळं, मध, मेण असं वर आलं तर ती अजून जिवंत आहे आणि नुसतीच प्यावी. उरलेल्या 135 मिलीतल्या 120 तुमच्या दोन संध्याकाळी होतात. राहिलेल्या 15 मिली एखाद्या इवल्याशा, पंधरा-वीस मिलीच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवल्यात तर येत्या काही महिन्यांतल्या खास दिवशी वाटून घेता येतील. आणि रिकाम्या बाटलीचं बूच फेकू नका. कोमट पाण्याने पुसून, वाळवून धुरकट व्हिस्कीच्या बाटलीला बसतं का पाहा.